दोन मिलिमीटरने हुकलेली चाकं

पाराचिन, १९ ऑक्टोबर

तीर्थरूप ल्युबिशामामा यांना बुदिमिरचा दंडवत, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे दोन गालांवर मिळून तीन मुके (तिसरा कुठल्या गालावर घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा).

गुडघा कसा आहे? यागोदामामी आईला फोनवर सांगत होत्या की तुमच्या तिकडच्या, लिंट्सच्या डॉक्टरांनी जुनी वाटी काढून नवी बसवली आणि ती पहिल्या झटक्यात अगदी मापात बसली. ऐकून मला भरून आलं. गेला महिनाभर कुठलीही गोष्ट मापात बसली असं कुणी म्हटलं की माझ्या डोळ्यांत पाणी येतं, का ते पुढे कळेलच. इकडे सगळं क्षेम आहे. आईनं यंदा चाळीस बरण्या आयवार केला, अंगणात तीन दिवस मिरच्या भाजल्यामुळे पोस्टमन खोकत खोकत फाटकातूनच परत जात होता. तुमच्या सहा बरण्या फळीवर बाजूला ठेवल्या आहेत. घरची प्लमची दारू, आपली राकिया, यंदा जहाल झाली आहे. शाळा चालू आहे. सातवीला वर्तुळाचा धडा सुरू केला तर वर्ग फिदीफिदी हसतो, त्याचंही कारण याच पत्रात आहे. (हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, 'मुद्द्यावर ये बुदो, मुद्द्यावर ये' असं सारखं म्हणता. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून पत्र.)

तर रादोय्कोच्या ओग्न्येनचं लग्न. तुम्ही गुडघ्यामुळे आला नाहीत, पण कूम मी होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. कूम म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नकोच, पण नवरीचा काका स्वेतोझार याला सांगायची वेळ आली म्हणून लिहितो: कूम म्हणजे वेदीसमोर उभा राहणारा पहिला साक्षीदार, रक्ताचा नसून रक्तापेक्षा जवळचा. आपल्या घराकडे रादोय्कोच्या घराचं कूमपण चार पिढ्यांचं आहे, आणि कूमाचा मान म्हणजे चर्चमधून नवरी घरी येते ती त्याच्या गाडीतून, वरातीत सगळ्यांच्या पुढे. बाबांनी रादोय्कोची मिलुंका आणली ती आपल्या नव्याकोऱ्या कोराल गाडीतून. तीच कोराल आज माझ्याकडे आहे. वय झालंय तिचं. मागचा एक दरवाजा फक्त बाहेरून उघडतो. पण इंजिन अजून बाबा खाकरायचे तसंच खाकरून सुरू होतं, आणि दर वेळी मला क्षणभर वाटतं की ते आत बसलेत.

साखरपुड्याच्या जेवणाला स्वेतोझार आला तो एका काळ्या, घराएवढ्या गाडीतून. चाकं अशी बाहेर काढलेली की फाटकातून येताना झेंडूच्या दोन्ही रांगा साफ. भाजलेलं डुक्कर पानात पडतंय न पडतंय तोच तो म्हणाला, 'नवरी माझ्या गाडीतून येईल. कूमबुवांनी मागच्या सीटवर बसावं, ऐसपैस आहे.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी रादोय्कोकडे पाहिलं. रादोय्को डुकराकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, 'बुदो, गाडी तुझीच पुढे राहील रे. पण ती चाकं बघ जरा. गंजून सोलपटं निघालीत. शंभर पाहुणे येणार, सगळे फोनवर फोटो काढणार. चांगली चाकं घाल, मग पुढे तूच.' म्हणजे चार पिढ्यांचा मान आता चार चाकांवर आला. मी छाती पुढे काढून म्हणालो, रविवारच्या लग्नाला कोराल अशा चाकांवर येईल की बघत राहाल. (एवढं बोलून मी स्वेतोझारच्या ताटातला डुकराचा कान उचलून खाल्ला. तो कूमाचाच असतो.)

दुसऱ्या दिवशी मी टायरवालीकडे गेलो. तुम्हाला झागोर्काबाई आठवतात का? पुलाजवळच्या टायरच्या दुकानातल्या. वडील गेल्यावर दुकान त्याच चालवतात. निळा डगला, कमरेला मापं घ्यायचं कॅलिपर, आणि माणसाकडे बघण्याची पद्धत अशी की आपण कुठेतरी दोन अंशांनी वाकडे आहोत असं आपल्याला वाटावं. मी म्हणालो, चाकं हवीत, तेरा इंची, चकचकीत. त्या म्हणाल्या, 'मास्तर, चाकाला एक आकडा नसतो, पाच असतात. व्यास. रुंदी. चार बोल्टांच्या मध्यातून जाणारं वर्तुळ, त्याचा व्यास. तुमच्या कोरालचा अठ्ठ्याण्णव. मग चाक आत किती बसतं आणि बाहेर किती डोकावतं त्याचा आकडा: चाकाच्या रुंदीची मधली रेघ आणि चाक गाडीला जिथे टेकतं ती पाठ, या दोन्हींतलं अंतर. आकडा मोठा तर चाक आत जातं, लहान तर बाहेर येतं. आणि पाचवं, मधलं भोक, जे गाडीच्या गड्ड्यावर, म्हणजे आसाच्या टोकाच्या गोल उंचवट्यावर बसतं. तुमचं अठ्ठावन्न पूर्णांक एक.' सगळं स्पष्ट, सगळं शुद्ध भूमिती. पण मामा, खरं सांगतो, दुसऱ्या आकड्याशी त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला, आणि तिसरा-चौथा-पाचवा आकडा माझ्या कानांवरून गेला. (त्या दिवशी दुकानात ऊन फार होतं. दुसरं काही कारण नाही.) तेरा इंची चकचकीत चाकं त्यांच्याकडे नव्हती. त्या म्हणाल्या, तीन आठवडे लागतील. लग्न सहा दिवसांवर.

आता माझ्या ओळखीत एक सद्गृहस्थ आहेत. नाव लिहीत नाही. ते बरीच वर्षं परदेशी असतात, अतिशय मोठ्या मनाचे आहेत, आणि त्यांची जुनी लाल गोल्फ गाडी इथल्या एका कोठारात ताडपत्रीखाली उभी असते. तिची मिश्रधातूची चाकं चौदा इंची, रुपेरी, ऑगस्टमध्ये ते स्वतः दातांच्या ब्रशने घासतात. मी विचार केला की असा माणूस इथे असता तर म्हणाला असता, 'घे बुदो, कूमाच्या मानापुढे चाकं ती काय!' (मोठ्या मनाच्या माणसांचं हेच बरं असतं, त्यांच्या वतीने आपल्याला उत्तर देता येतं.) चौदा इंच म्हणजे तेराहून एक जास्त, म्हणजे उलट चांगलंच. बोल्ट तिकडे चार, इकडे चार. राहिलं ते वर्तुळ.

ते मी आईच्या शिवणाच्या फितीने मोजलं. मी, बी.एस्सी., सतरा वर्षं मुलांना व्यास आणि त्रिज्या शिकवणारा माणूस! फीत कापडी, चाळीस वर्षांची, धुवून धुवून ताणलेली, आणि पहिला सेंटिमीटर उंदरांनी खाल्लेला. कोरालचं मोजलं: नव्व्याण्णव. गोल्फचं मोजलं: नव्व्याण्णव. मी आनंदाने कोठारातच एक गिरकी घेतली. (खरा आकडा एकाचा अठ्ठ्याण्णव आणि दुसऱ्याचा शंभर. म्हणजे माझं उत्तर दोन्हींची अचूक सरासरी होतं, एवढं तरी मला द्या.)

चाकं काढून कोरालला लावायला गेलो तर ती गड्ड्यावर बसेनातच. मधलं भोक एका मिलिमीटरने लहान. एव्हाना कोठारात गल्ली जमली होती. आपल्याकडे गाडीचं बॉनेट उघडलं की चहूकडून माणसं येतात, चाक काढलं की बाटली घेऊन येतात. मिओद्रागकाकांनी, जे काचकारखान्यात तीस वर्षं लेथवर होते आणि निवृत्तीनंतर लेथ घरीच घेऊन आले, बोट घालून भोक तपासलं आणि एक घोट घेऊन निकाल दिला, 'सगळीकडून अर्धा अर्धा मिलिमीटर. पोराचे केस कापतात तेवढं. आण इकडे.' आता शहाण्या माणसानं आधी एक चाक कापलं असतं, लावून पाहिलं असतं. पण मिओद्रागकाकांचा लेथ एकदा सुरू झाला की त्यांना तारुण्य आठवतं. मी घरून मिरच्या आणि चीज घेऊन येईपर्यंत चारही चाकं कापून झाली होती, रुपेरी किसाचा ढीग पडला होता, आणि काका गात होते.

चाकं गड्ड्यावर बसली, अगदी लोण्यात सुरी जावी तशी. टाळ्या पडल्या. पहिला बोल्ट सरळ आत गेला. दुसरा थोडा कुरकुरत गेला. तिसऱ्याला हातोडी दाखवावी लागली. चौथ्यानं भोकाच्या कडेशी डोकं टेकलं आणि आत यायला साफ नकार दिला. मी पुन्हा मोजलं, या वेळी शाळेच्या पट्टीने. म्हणालो, 'मंडळी, दोन मिलिमीटरचा फरक आहे.' त्यावर जे हसू फुटलं ते तुम्ही ऐकायला हवं होतं. 'दोन मिलिमीटर! ऐका मास्तरचं! अरे दोन मिलिमीटर तर माझी बायको रोज चालताना झुकते!' पान्याला पाण्याचा लोखंडी पाइप जोडला, पाइपाला तीन माणसं लागली, 'जाईल, जाईल, का नाही जाणार' असा घोष झाला, आणि बोल्ट गेला. तिरका, पण गेला. मला त्याच वेळी कळायला हवं होतं की तीन माणसांच्या ताकदीने जे सिद्ध होतं त्याला भूमिती म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चाचणीला निघालो. दिसायला कोराल राणी दिसत होती. तीसच्या वेगाला स्टीयरिंगनं माझा हात धरून हलवायला सुरुवात केली. चाळीसला आरशातलं जग दुप्पट झालं. पुलाजवळ आलो तेव्हा माझे गाल मला डोळ्यांनी दिसत होते. आणि रस्त्याच्या मधोमध, एक हात वर करून, झागोर्काबाई. थांबलो. त्यांनी वाकून एक बोल्ट चार बोटांनी फिरवला, तो चार वेढ्यांत हातात आला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, मामा. रागानं पडतो तसा नव्हे. 'उतरा,' म्हणाल्या. मी उतरलो. मग रागही आला. 'गणिताचे मास्तर ना तुम्ही? जाड चाकाला कोरालचेच आखूड बोल्ट लावलेत आणि तेही तिरके! ही चाकं आज निघाली असती तर मी तुम्हाला त्या नदीतून काढत बसले असते. आणि रविवारी यात एक नवरी बसणार आहे!' शाळा सुटली होती. माझी सातवी अ पुलाच्या कठड्यावर रांगेनं बसून ऐकत होती.

दुकानात त्यांनी माझ्या हातात कॅलिपर दिलं आणि दोन्ही वर्तुळं मला तीन तीन वेळा मोजायला लावली. अठ्ठ्याण्णव. शंभर. अठ्ठ्याण्णव. शंभर. मिओद्रागकाका आणि मागोमाग आलेली कोठारातली सहा माणसं मागे उभी राहून माना खाली घालून ऐकत होती. मग त्यांनी विचारलं, 'मास्तर, ही चाकं कुठल्या गाडीची?' मी म्हणालो, गोल्फची. 'गोल्फ चालते?' मी म्हणालो, घड्याळासारखी. 'अंगावर रंग बरा आहे?' आरशासारखा आहे, मी म्हणालो. त्यांनी माझ्या हातातलं कॅलिपर काढून घेऊन कमरेला लावलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, 'मग चाकं काढून कोरालला लावण्यापेक्षा तुम्ही गोल्फच का नाही नेत लग्नाला?'

मामा, आठ बाप्ये होतो आम्ही. एकशे ऐंशी वर्षांचं शिक्षण आणि नोकरी मिळून असेल. कुणालाही हे सुचलं नव्हतं. मिओद्रागकाकांनी टोपी काढली. आणि आता तर ते शक्यही नव्हतं, कारण चाकांची भोकं आम्ही अठ्ठावन्न पूर्णांक एक करून बसलो होतो आणि गोल्फचा गड्डा सत्तावन्न पूर्णांक एक. तिथे ती आता सैल. तेलही गेलं, तूपही गेलं. मी तिथेच टायरवर बसलो आणि मला हसू आलं, आणि मग ते थांबेना, आणि मग झागोर्काबाईही हसल्या. हसताना त्यांचा एक दात किंचित दुसऱ्यावर चढलेला दिसतो. (एक मिलिमीटर फार तर.)

शेवटी कोरालची जुनी लोखंडी चाकं त्यांनी दुकानात मागवून घेतली, गंज खरवडला, पांढरी रंगवली. 'फोटोत कशी दिसतील ते देव जाणे,' म्हणाल्या, 'पण नवरी घरी पोचेल.' रविवारी सकाळी मी रिवाजाप्रमाणे रोझमेरीची डहाळी छातीला लावून, आरशांना टॉवेल बांधून हजर झालो. रादोय्कोनं पांढऱ्या चाकांकडे पाहिलं, स्वेतोझारच्या गाडीकडे पाहिलं, आणि माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, 'बुदो, समजून घे. वरातीत तू तिसरा राहा.' मी समजून घेतलं नाही, पण तिसरा राहिलो. चर्चमध्ये मेणबत्तीचं मेण माझ्या बोटांवर गळत होतं आणि मी ते पुसलंही नाही. बाबांचा मान माझ्याच हातून गेला, हे त्या दिवशी मला गिळवत नव्हतं.

वरात निघाली. पुढे स्वेतोझार, त्याच्या गाडीत नवरी तियाना, ओग्न्येन, आणि नवरीच्या तीन आत्या (आत्या आयवारावर वाढलेल्या आहेत). मागे रादोय्को आणि मिलुंका, मग मी एकटाच, मग व्हॅनमधून वाजंत्री. आल्या वाटेनं नवरीला परत न्यायचं नाही हा नेम, म्हणून सगळे नदीकाठच्या खड्ड्यांच्या रस्त्यानं वळले. झागोर्काबाईंनी स्वेतोझारला आधीच सांगितलं होतं म्हणे, चाकं इतकी बाहेर आहेत की मोकळी गाडी घासणार नाही, पण लग्नाची गाडी मोकळी नसते. पहिल्या खड्ड्याला गाडीनं अशी किंकाळी फोडली की वाजंत्र्यांना वाटलं त्यांना सूर दिला, त्यांनी तुताऱ्या उचलल्या. दुसऱ्या खड्ड्याला निळा धूर. तिसऱ्याला रबर जळल्याचा वास, आणि आतून तिन्ही आत्या एका सुरात 'थांबव! थांबव मेल्या!' वरात थांबली. वाजंत्रीवाल्यांना वाटलं नाचायला थांबवली, ते उतरून वाजवायलाच लागले. धुरातून तियाना झगा गुडघ्यापर्यंत धरून खोकत बाहेर आली. स्वेतोझार चाकाच्या कमानीत डोकं घालून म्हणत होता, 'रिकामी कधीच घासत नाही हो!'

तेव्हा मिलुंका गाडीतून उतरली, सरळ माझ्या कोरालपाशी आली आणि पांढऱ्या चाकावर हात ठेवून रादोय्कोला म्हणाली, 'अरे, मी हिच्यातूनच आले, याच चाकांवरून. त्या दिवशी मी तुझ्याकडे बघत होते, चाकांकडे बघायला मला वेळ कुठे होता?'  रादोय्कोनं कोरालचा तो मागचा, फक्त बाहेरून उघडणारा दरवाजा उघडला आणि सुनेला हात दिला. मामा, कोराल खाकरली, सुरू झाली, आणि वरातीच्या पुढे आली. मी रडत गाडी चालवत होतो आणि स्टीयरिंग जराही हलत नव्हतं.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा, मित्रोव्दानच्या सणाला वाट बघतो.

तुमचा भाचा
बुदिमिर

ता. क. ते सद्गृहस्थ कोण हे तुम्ही एव्हाना ओळखलंच असेल. चाकं गोल्फला परत लावून ताडपत्री घातली आहे. कृपा करून गाडी हलवायची घाई करू नका आणि येताना लिंट्सहून चार कड्या आणा: बाहेरून अठ्ठावन्न पूर्णांक एक, आतून सत्तावन्न पूर्णांक एक. त्या घातल्या की चाकं पुन्हा पहिल्यासारखी घट्ट. मिओद्रागकाका म्हणतात, ते लेथवर करून देतील. आणाच.

ता. क. दुसरा. आईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, फीत उंदरांनी नेली.

ता. क. तिसरा. घाईचं कारण लिहायचं राहिलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी झागोर्काबाईंना एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, 'आधी मामाची चाकं घट्ट बसवा मास्तर. दुसऱ्याची गाडी सैल ठेवून स्वतःचं घर बांधणाऱ्या माणसाच्या घरात मी येणार नाही.' म्हणून चार कड्या. आणि दुकानात शिरलातच आहात तर पुढच्या गल्लीतल्या सोनाराकडे जाऊन पाचवीही घ्या, नुसती साधी, सोन्याची, आतून सतरा पूर्णांक तीन. माप बरोबर आहे. तिच्याच कॅलिपरनं घेतलंय, आणि बोट तिनं स्वतःहून पुढे केलं होतं.